क्लायंबिंगची थरारकथा लिहायचीये? मग इथून सुरुवात करा

क्लायंबिंगवर गोष्ट लिहायला बसलेल्या नव्या माणसाच्या पहिल्या पानावर हमखास कोणीतरी एका हाताने कड्याला लटकत असतो, खाली खोल दरी असते आणि दोर तुटायला आलेला असतो. चौथ्या पानावर तो तुटतो. आणि ज्याने आयुष्यात चार वेळा जरी हार्नेस (दोर बांधायचा कंबरपट्टा) घातलंय तो वाचक तिथेच गोष्ट बाजूला ठेवतो, कारण दोर असा तुटत नाही. आजचा नायलॉनचा डायनॅमिक, म्हणजे झटक्याने ताणला जाणारा दोर नुसत्या पडण्याने सहसा तुटत नाही, तो कातळाच्या धारदार कडेवर ताणात घासला गेला तर कापला जातो. हा एवढासा फरक समजला की हातात एकदम वेगळी गोष्ट येते, कारण आता तुम्हाला ती धार दाखवावी लागते, वर जाताना ती नायिकेला दिसली होती का, दिसली असेल तर तिने दोर बाजूला का नाही घेतला, अंधार पडत होता की कंटाळा केला की खाली उभ्या असलेल्या जोडीदारावर ती सकाळपासून चिडलेली होती. माझं सगळं सांगणं यातच आलं बघा. आधी चढाईची यंत्रणा समजून घ्या, भीती त्यातूनच खरी होते, विशेषणांनी होत नाही.

नेमकं कुठलं क्लायंबिंग ते आधी ठरवा

बोल्डरिंग म्हणजे चार-पाच मीटरचा दगड, दोर नाही, खाली क्रॅश पॅड म्हणजे जाड गादी, आणि पाच-सहा मूव्हज जमण्यासाठी माणूस अख्खा सीझन घालवतो. स्पोर्टमध्ये कातळात बोल्ट आधीच ठोकलेले असतात, त्यात क्विकड्रॉ (दोन टोकांना कड्या असलेली पट्टी) लावत, दोर अडकवत वर जायचं. ट्रॅडमध्ये बोल्ट नसतात, लीड करणारा, म्हणजे पुढे चढणारा, भेगांमध्ये स्वतः नट (धातूचा खुंटा) आणि कॅम (भेगेत फाकून घट्ट बसणारं साधन) बसवत जातो आणि मागून येणारा ते काढत वर येतो. बिग वॉल म्हणजे काही दिवस भिंतीवरच मुक्काम, पोर्टालेज नावाच्या लटकत्या कॉटवर झोप, मागून दोराने ओढून आणायची पाण्याची नि सामानाची बॅग. फ्री क्लायंबिंग आणि फ्री सोलो यात मात्र नवे लेखक कायम गल्लत करतात. फ्री क्लायंबिंगमध्ये दोर असतोच, वर जायला त्याचा आधार घ्यायचा नाही एवढंच, पडलात तर तो धरेल. फ्री सोलोमध्ये दोर नसतोच.

प्रकार ठरला की गोष्टीचा जीव ठरतो. बोल्डरिंगमधून ध्यासाची छान लघुकथा निघते, एकच माणूस, एकच दगड. ट्रॅड ही जोडीची गोष्ट. बिग वॉलवर कादंबरी मावते कारण तिथे दिवस जातात, भांडणं होतात, पाणी संपतं, माणशी रोजचं तीन-चार लिटर पाणी वर ओढून न्यावं लागतं आणि शौचाचं सगळं भरून परत खाली आणावं लागतं, हे लिहायला लाजू नका, वाचकाला खरेपणा अशाच गोष्टींतून जाणवतो. नवीन असाल तर माझा सल्ला, दोन माणसं, एक दिवस, पाच-सहा पिचेसचा, म्हणजे दोराएवढ्या टप्प्यांचा, ट्रॅड रूट (चढायची वाट). फ्री सोलोने सुरुवात नको, सगळ्यांना तोच लिहावासा वाटतो पण त्यात एकच शक्यता सारखी डोक्यावर बसते, पडला तर मेला, आणि मग पात्राला काही निवडायलाच उरत नाही.

भिंत कागदावर काढा

क्लायंबर लोक रूटचा नकाशा काढतात त्याला टोपो म्हणतात. तुमच्या काल्पनिक भिंतीचा टोपो काढल्याशिवाय एक ओळही लिहू नका. प्रत्येक पिच, म्हणजे एका दोरात मावेल एवढा टप्पा, तीस ते पन्नास मीटर धरा कारण दोर साधारण ६० किंवा ७० मीटरचा असतो. लेज (उभं राहता येईल असे कट्टे) कुठे आहेत, भेग कुठे संपते, ओव्हरहँग (बाहेर झुकलेला कातळ) कितव्या पिचवर, सगळ्यात अवघड जागा म्हणजे क्रक्स कुठला, ऊन किती वाजता येतं, कुठे पाणी पाझरतं, कुठला दगड हातात निघून येईल.

कातळ कुठला आहे तेही ठरवा कारण त्यावरून हाताला काय जाणवणार ते ठरतं. ग्रॅनाइटमध्ये भेगा, म्हणजे मूठ किंवा बोटं आत घालून पिळायची, हाताच्या मागची कातडी सोलते. चुनखडीत खळगे, दोन बोटं मावतील असे. वालुकाश्म ओला झाला की कमकुवत होतो, होल्ड (हातापायाला धरायच्या जागा) तुटतात, म्हणून पावसानंतर जाणते लोक एक-दोन दिवस त्याला हातच लावत नाहीत, आता विचार करा तुमच्या दोघांकडे एकच दिवस आहे आणि रात्री पाऊस पडून गेलाय, गोष्ट तिथेच सुरू झाली ना.

आणि टोपोवर एक गोष्ट लाल पेनाने लिहा, परत कुठून फिरता येतं आणि कुठून नाही. याचं महत्त्व कळायला आयगरच्या उत्तर भिंतीवरची १९३६ ची घटना नीट समजून घ्या. स्वित्झर्लंडमधला हा डोंगर, तेव्हा त्याची उत्तर भिंत कोणीच चढलेलं नव्हतं. हिंटरस्टॉयसर, कुर्त्स, आंगेरर आणि रायनर असे चौघं वर गेले. वाटेत एक गुळगुळीत उभी फरशी लागली, ती हिंटरस्टॉयसरने दोराच्या ताणावर झुकत आडवी पार केली, बाकीचे त्याच दोराला धरून आले, आणि मग त्यांनी तो दोर काढून घेतला. पुढे आंगेरर जखमी झाला, हवा बिघडली, परत फिरायची वेळ आली तेव्हा त्या फरशीवर बर्फाचा पातळ थर चढलेला होता आणि दोर नसल्यामुळे उलट्या दिशेने ती पार होईना. सरळ खाली उतरण्याच्या प्रयत्नात तिघं गेले. एकटा टोनी कुर्त्स रात्रभर लटकत राहिला, दुसऱ्या दिवशी वाचवायला आलेल्यांनी दिलेला दोर कमी पडला म्हणून दुसरा जोडला, आणि ती जोडाची गाठ त्याच्या कॅरॅबिनरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या कडीतून, पुढे सरकेना. मदतीला आलेली माणसं खाली काही मीटरवर होती, तो तिथेच गेला.

यात खलनायक कोणीच नाही. एक दोर काढून घेतला, तोही त्या वेळी बरोबरच वाटला होता, वर गरज पडणार म्हणून. तुमच्या कथेत अपघात हवा असेल तर तो असाच बांधा, सकाळी घेतलेला एक साधा, समजण्यासारखा निर्णय, आणि त्याची किंमत संध्याकाळी. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, ती भिंत चढली गेली, पण लेखकाने अभ्यास करायचा तो ३६ सालचा.

दोराच्या दोन टोकांना कोण आहे

आता माणसं. लीड करणारा वर, बिले देणारा खाली. बिले म्हणजे काय तर दोर बिले डिव्हाइसमधून सोडत राहणं आणि वरचा पडला की तो रोखणं, आणि ब्रेकचा हात दोरावरून कधीच, अगदी कधीच सुटता कामा नये. दोर नुसत्या हातांनी पकडून मित्राला वाचवणारा हिरो कृपया लिहू नका.

खालच्या माणसाला नवे लेखक विसरूनच जातात हे मला खरंच खटकतं. तो पाऊण पाऊण तास मान वर करून उभा असतो, बऱ्याचदा त्याला वरचा दिसतही नाही, दोराच्या हालचालीवरून सगळं ओळखायचं, दोर भराभर सरकतोय म्हणजे सोपं आहे, थांबला म्हणजे अडकलाय, वीतभर पुढे हातभर मागे होतोय म्हणजे घाबरलाय. अख्खा प्रसंग फक्त बिले देणाऱ्याच्या हातातून लिहिता येतो, वरचा माणूस एकदाही न दाखवता.

मग या दोघांचं नातं काय, आज कोण कुठली पिच लीड करणार यावरून काय झालं, कोणाला वर जायचंच आहे आणि कोणाला नाही म्हणता येत नाहीये. अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटन या जवळपास ९०० मीटर उंच भिंतीवर टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्जेसन डिसेंबर २०१४ च्या शेवटी डॉन वॉल हा रूट चढायला लागले. पंधराव्या पिचवर जॉर्जेसन दिवसचे दिवस अडकला, बोटांच्या टोकांची कातडी फाटत होती, ती भरून यायची वाट बघत भिंतीवरच बसून राहायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. कॉल्डवेल ती पिच करून पुढे गेला होता, एका हाताचं अर्धं बोट गमावलेला हा माणूस, कित्येक वर्षं त्याने या एका रूटवर घालवलेली, एकटा वर जाऊ शकत होता. तो थांबला. जानेवारी २०१५ मध्ये दोघं एकत्र वर पोचले. चढाई बरीचशी संध्याकाळी नि रात्री, भर हिवाळ्यात, कारण थंडीत बोटांना घाम कमी येतो आणि बुटाचं रबर चांगलं धरतं. तुमच्या कथेत असा थांबायचा क्षण असेल तर वाचक शिखरापेक्षा तोच लक्षात ठेवतो असा माझा अनुभव आहे, वाचक म्हणून.

पडणं, हिशोबाने

थोडं गणित करा, अवघड नाही. तुमची नायिका शेवटच्या कॅमच्या तीन मीटर वर आहे. हात सुटला तर कॅमपर्यंत तीन मीटर, त्याच्या खाली अजून तीन, वर दोराची ढील आणि ताण, म्हणजे सात-आठ मीटर गेली. आता दुसरी परिस्थिती, ती बिले स्टेशनवरून, म्हणजे बिले देणारा थांबलाय तिथून, नुकतीच निघालीये, चार मीटर वर आहे आणि मध्ये काहीच लावलेलं नाही. पडली तर आठ मीटर, आणि तो झटका झेलायला दोर आहे फक्त चार मीटरचा. पडण्याची लांबी भागिले बाहेर असलेला दोर याला फॉल फॅक्टर म्हणतात, इथे तो २ येतो आणि नेहमीच्या चढाईत याहून वाईट नाही. तेच तीस मीटर दोर बाहेर असताना आठ मीटर पडली तर दोर ताणला जातो आणि बराचसा झटका खाऊन टाकतो. म्हणजे पिचची सुरुवात जास्त धोक्याची, आणि हे वाचकाला सांगायला लागत नाही, तुमची नायिका स्टेशनच्या लगेच वर पहिला कॅम लावायला धडपडताना दिसली की कळतं.

तसंच ओव्हरहँगवरून पडलं तर हवेत पडतो, बऱ्याचदा काहीच होत नाही. सोप्या, लेज असलेल्या भागात पडलं तर घोटा मोडतो. अनुभवी लोक सोप्या जागेला घाबरतात आणि नवखे अवघड जागेला, ही एक ओळ पात्राचा अनुभव दाखवायला पुरते.

शरीर लिहा, मन आपोआप येतं

आधी एक नेहमीचं वाक्य बघा. "तिच्या पायाखाली मृत्यू आ वासून उभा होता, काळजाचा ठोका चुकला, तिने सगळी ताकद एकवटून झेप घेतली." यात कातळ कुठे आहे? आता हे बघा.

"शेवटचा कॅम बराच खाली राहिला होता. लावतानाच त्याची एक बाजू नीट टेकली नव्हती हे तिला माहीत होतं. उजवा पाय थरथरायला लागला. तिने टाच खाली केली, थरथर थांबली. डावा हात मागे चॉक बॅगमध्ये घातला, काढला, पुन्हा घातला. खालून तो काही बोलत नव्हता, दोर मात्र हवा तेवढाच ढिला होता."

भीती हा शब्दच नाही. (चॉक म्हणजे हाताचा घाम शोषणारी पांढरी पूड.) पाय थरथरणं सगळ्यांना होतं, टाच उचललेली राहिली की जास्त होतं. दंड नाही, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आधी भरून येतो, त्याला पंप होणं म्हणतात, मग बोटं उघडायला लागतात, माणूस बघत असतो आणि बोटं उघडतात. विसावा मिळाला की हात खाली सोडून झटकायचा. बोटातली कंडरा हाडालगत धरून ठेवणारा पट्टा फाटला तर "टक्" असा आवाज खालच्यालाही कधीकधी ऐकू येतो.

आणि पात्राचं शरीर ठरवा कारण त्यावर चढण्याची पद्धत ठरते. लिन हिलने १९९३ मध्ये एल कॅपिटनवरचा नोज हा रूट पहिल्यांदा फ्री क्लायंब केला, मोठमोठे बलदंड क्लायंबर जिथे हरले होते तिथे तिची बारीक बोटं त्या अरुंद भेगेत बसली, आणि पुढच्याच वर्षी तिने तो २४ तासांच्या आत केला. उंच माणूस जो होल्ड सहज गाठतो तिथे बुटक्या माणसाला मध्ये दोन मूव्हज जास्त लागतात, दोघांना एकच पिच सारखी लिहिली तर ती खोटी.

काळ तपासा

जुन्या काळातली कथा असेल तर सामान बदलतं आणि सामानाबरोबर नीतीही बदलते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोर वनस्पतीच्या तंतूंचे, कंबरेला थेट बांधलेले, त्यामुळे पुढच्याने पडायचंच नाही हा नियम होता. नायलॉन नंतर आला. हाताला चॉक लावायची सवय १९५० च्या दशकात अमेरिकन क्लायंबर जॉन गिलने जिम्नॅस्टिक्समधून आणली. कॅम बाजारात आले १९७८ च्या सुमाराला, त्याआधीच्या कथेत कॅम घालू नका, तेव्हा पिटॉन ठोकायचे, हातोड्याचा टणटण आवाज, खिळा नीट बसत गेला की सूर चढत जातो, हा आवाज लेखकाला आयता मिळालेला आहे.

बोलणं कमी, आणि ठरलेलं

कातळावर लांब भाषणं होत नाहीत. "ऑन बिले?" "बिले ऑन." "क्लायंबिंग." वर पोचल्यावर "ऑफ बिले." दोर खेच म्हणायला "टेक", ढील दे म्हणायला "स्लॅक", दगड सुटला तर नुसतं "रॉक!" ओरडायचं आणि खालच्याने वर न बघता भिंतीला चिकटायचं. वारा असला की यातलं निम्मं ऐकू येत नाही म्हणून दोराला झटके देऊन खुणा आधी ठरवून ठेवतात. "टेक" आणि "स्लॅक" वाऱ्यात सारखेच ऐकू येऊ शकतात. खरे अपघातही अशा गैरसमजातून झालेत, वरच्याला वाटतं खालचा आपल्याला उतरवणार आहे, खालच्याला वाटतं वरचा स्वतः रॅपल करणार, म्हणजे दोरावरून आपला आपण उतरणार, आणि खालचा बिले काढून टाकतो. संवादातच तुमचा क्लायमॅक्स लपलेला असू शकतो.

उतरण्यावर पण जागा खर्च करा. शिखरावर गोष्ट संपवायचा मोह होतो पण दमलेली माणसं, अंधार, रॅपलला दोराची दोन टोकं समान नाहीत, टोकाला गाठ मारायची राहिलीये, खाली पोचल्यावर दोर ओढला तर वर कुठेतरी अडकलाय, खरी गडबड तिथेच होते.

भिंतीखालचं आयुष्य

ही माणसं जगतात कशावर हे विचारा. कोणी व्हॅनमध्ये राहतो, सीझनपुरतं भांडी घासतो, उंच इमारतींवर दोराने लटकून खिडक्या पुसतो, गाइड म्हणून नवख्यांना घेऊन जातो, क्लायंबिंग जिममध्ये रूट बसवतो. योसेमिटीतला कॅम्प ४ हा तंबूंचा तळ अशाच लोकांमुळे इतका महत्त्वाचा झाला की २००३ मध्ये त्याची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. पाऊस थांबायची वाट बघत आठवडा काढणं, बोटांची सालपटं घासून सारखी करणं, घरून आलेला फोन न उचलणं, नात्यातलं माणूस कंटाळून निघून जाणं, हे सगळं साहसकथेचंच साहित्य आहे.

भांडणं लिहायची असतील तर नीतीची लिहा, क्लायंबर त्यावरून जन्मभर बोलणं टाकतात. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या वालुकाश्मावर जुन्या नियमाने धातूचे नट-कॅम आणि चॉक चालत नाही, भेगेत दोरीच्या गाठी अडकवून चढतात. दक्षिण अमेरिकेतल्या पाटागोनियातल्या सेरो तोरे या सुळक्यावर १९७० मध्ये चेझारे माएस्त्रीने कॉम्प्रेसर वर नेऊन बोल्ट ठोकत रूट काढला, त्यावर चाळीस वर्षं वाद चालला, आणि २०१२ मध्ये दोन तरुणांनी उतरताना त्यातले शंभराहून जास्त बोल्ट काढून टाकले, तर त्यावरून आणखी मोठं भांडण. कोण बरोबर? तुमच्या दोन पात्रांना दोन बाजू द्या आणि एकाच दोराला बांधा.

मरण जपून

प्रत्येक कथेत कोणीतरी मेलंच पाहिजे असं नाही. परत फिरणं हाही जबरदस्त शेवट असतो. अ‍ॅलेक्स हॉनल्डने ३ जून २०१७ ला एल कॅपिटन दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला, हे सगळ्यांना माहितीये, पण आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो सुरुवात करून, बरं वाटत नाही म्हणून खाली आला होता, आणि दोर लावून तो रूट त्याने वारंवार घोकला होता. मला त्या नोव्हेंबरच्या सकाळची गोष्ट जास्त वाचावीशी वाटते. आणि कोणी मरणारच असेल तर जो उरला त्याच्यासोबत रहा, गाडीत दोघांचं सामान आहे, घरी फोन त्यालाच करायचाय.

आता कामाला लागा

जमलं तर लिहिण्याआधी एकदा क्लायंबिंग वॉलवर जा, प्रशिक्षकाकडून बिले शिका, पडून बघा, आणि घरी येताच हात थरथरत असतानाच लिहून काढा, कारण दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. पहिला खर्डा झाला की रंगीत पेन घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदात तीन गोष्टी शोधा, दोर आत्ता कुठे आहे, शेवटचा कॅम किंवा बोल्ट किती खाली आहे, आणि दुसऱ्याला काय दिसतंय किंवा ऐकू येतंय. जिथे उत्तर सापडत नाही तिथे वाचकही हरवणार. मग एखाद्या क्लायंबरला द्या, त्याला गोष्ट आवडली का असं विचारू नका, कुठे थांबलास असं विचारा. तो म्हणाला "इथे ती अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) बांधलेली नव्हती" तर वाद न घालता दुरुस्त करा. शेवटी, क्रक्सचा प्रसंग वरच्याच्या बाजूने लिहिला असेल तर तोच खालच्याच्या बाजूने पुन्हा लिहा, पूर्ण, आणि दोन्ही मोठ्याने वाचून ज्यात तुमचाच श्वास अडकतो तो ठेवा.